एक प्रॅक्टिकल लिहायचं का वीस किलो कापूस वेचायचा

आधीच सांगून टाकते, पोरीची आणि तिच्या आईची परवानगी घेतलेली आहे, नाव देत नाही, गाव देत नाही, दोन-चार गोष्टी मुद्दाम बदलल्यात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवते. सायकॉलॉजीची नाही, डॉक्टर तर अजिबातच नाही, मेंटर म्हणून नाव लागलेल्या एका बाईने लिहिलेलं, एडीएचडीचं म्हणजे लक्ष पाहिजे तिथे लावता न येण्याच्या त्रासाचं प्रकरण आहे असंच वाचा. मेंटर म्हणजे काय ते कॉलेजवाल्यांना माहीत आहे, नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फाईलसाठी वीस-पंचवीस पोरं एकेकाच्या नावावर लावून देतात, वर्षातून दोनदा फॉर्म भरायचा, ‘समस्या’ एक ओळ, ‘केलेले उपाय’ एक ओळ, खाली सही. हिच्या फॉर्मवर पहिल्यांदा मीच लिहिलं होतं, ‘अभ्यासात लक्ष नाही, समुपदेशन केले’. समुपदेशन म्हणजे लॅबच्या दारात उभं करून मी तिला पंधरा मिनिटं झापलं होतं.

तर पोट्टी बीएस्सी सेकंड इयरची, तिसरं सेमिस्टर. गाव १७ किलोमीटर, रोज एसटीने अपडाऊन. घरी चार एकर, कापूस आणि तूर, विहिरीवर थोडा हरभरा. फर्स्ट इयरचे दोन विषय राहिलेले, परीक्षा फॉर्मची तारीख निघून गेली म्हणून लेट फी भरलेली, जर्नलमध्ये बारापैकी तीन प्रॅक्टिकल लिहिलेली आणि तिसरंही अर्धंच. बारावीत ५८ टक्के, पण दहावीला ७१ होते. आणि गंमत म्हणजे हजेरी चांगली. ज्या पोरांना शिकायचंच नसतं ती बसस्टँडवर दिसतात, ही रोज पहिल्या बाकावर. हे गणित मला सुटतच नव्हतं.

त्यात सप्टेंबरमध्ये टायट्रेशनचं प्रॅक्टिकल लागलं. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, ब्युरेटमधून थेंब थेंब अल्कली सोडायची, फ्लास्क हलवत राहायचा, फिनॉल्फ्थॅलीनचा फिक्कट गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबायचं, एक थेंब जास्त गेला की गडद होतं आणि रीडिंग वाया. निम्म्या पोरांचा गडदच होतो. हिचा तीनही वेळा तोच फिक्कट गुलाबी, रीडिंग जवळपास सारखी. अर्धा तास मान वर केली नाही. मी मागे उभी राहून बघत होते आणि मनात म्हणलं, हिला लक्ष नाही असं आपण लिहून दिलंय?

दुसऱ्या दिवशी त्याच प्रॅक्टिकलचं जर्नल मागितलं तर कोरं. मला राग आला, म्हणजे आता मला ते कामचुकारपणा वाटलं, करता येतं आणि करत नाही. म्हणून मी अजून एक शहाणपणा केला, तिला टाइमटेबल बनवून दिलं. पहाटे पाच ते सात अभ्यास, संध्याकाळी सात ते दहा अभ्यास, मोबाईल आईजवळ. स्केचपेनने रंगवून दिलं. त्यानंतर दोन आठवडे ती माझ्यासमोर आलीच नाही, मी दिसले की जिन्यावरून वळायची. नंतर कळलं की टाइमटेबल पहिल्याच दिवशी मोडलं आणि आता मॅडमला काय तोंड दाखवायचं म्हणून. एका पोरीला मदत करायची म्हणून मी तिच्या डोक्यावर अजून एक न झालेलं काम ठेवून दिलं, दुसरं काही नाही.

नोव्हेंबरमध्ये जर्नल सर्टिफाय करायची वेळ आली तेव्हा तिला यावंच लागलं. लॅब रिकामी होती. मी म्हणलं बस इथं माझ्यासमोर आणि एक पान लिही, बघते काय होते ते. पुस्तक उघडलं, पेन काढलं, मार्जिन आखली. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली, मग पेनचं टोपण, मग बाहेर कुणी गेलं तिकडे बघितलं, मग परत पहिली ओळ. चाळीस मिनिटांत सात ओळी. आणि घाम आलेला होता हो तिला, नोव्हेंबरात. फोन माझ्या ड्रॉवरमध्ये होता, म्हणजे फोनचाही दोष देता येईना.

मी विचारलं नेमकं होतं काय. तर म्हणे, “मॅडम, डोये वाचून राह्यते, मी नाई वाचत. चार-चार डाव येकच ओळ. मंग असं वाट्टे का कोनी डोक्यावर पोतं ठेवलं.” आणि मग जे बोलली ते मी त्याच दिवशी लिहून ठेवलं, “येक प्रॅक्टिकल लिहाचं म्हणलं ना मॅडम, त्याच्यापेक्षा मी वीस किलो कापूस येचून देते तुमाले. खरंच सांगून राह्यली.”

कापूस वेचणं काय असतं हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायची गरज नाही. वाकून वाकून कंबर जाते, बोंडाच्या टोकाने बोटं सोलतात, वीस किलोला अर्ध्याहून जास्त दिवस जातो आणि दहाच्या आसपास रेट धरला तर दोनशे रुपये पडतात. ही पोरगी ते करते, रविवारी करते, म्हणजे तिने हवेत भाव सांगितला नव्हता, दोन्हीची किंमत तिला माहीत होती. चार पानं लिहिण्याची किंमत तिच्यासाठी खरंच तेवढी होती.

मी घरी येऊन वाचत बसले. मेहनत म्हणजे मनाची मेहनत मोजता येते हे मला माहीतच नव्हतं. डॅनियल काहनेमान, ज्यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी आणि बीटी नावाच्या सहकाऱ्याने १९६६ मध्ये लोकांना आकडे लक्षात ठेवायला लावून त्यांच्या डोळ्याची बाहुली मोजली होती, आकडे वाढत गेले तशी बाहुली मोठी होत गेली. म्हणजे बसल्या जागी केलेल्या मेहनतीचाही शरीरावर हिशोब उमटतो. नंतर २०१३ मध्ये वेस्टब्रूक आणि मंडळींनी तर पैशातच मोजलं, मेमरीचं अवघड काम करून जास्त पैसे घेता का सोपं काम करून कमी, असं विचारत गेले, आणि बरेच लोक अवघड कामापासून सुटायला पैसे सोडायला तयार झाले. काम जितकं अवघड तितके जास्त पैसे सोडले. हे वाचलं आणि मला हसू आलं, आमच्या पोट्टीने तेच किलोत सांगितलं होतं.

आणि टायट्रेशनचं कोडंही थोडं सुटलं. तिथे दर थेंबाला उत्तर मिळते, रंग आला, गेला, आला, टिकला. हाताला काम आहे, डोळ्याला काम आहे, निकाल तिथल्या तिथे. जर्नलचा निकाल कधी, तर महिन्याने कुणीतरी सही करेल तेव्हा. वाचता वाचता एडीएचडीही समोर आलं. त्यात लक्ष नसतं असं नाव वाचून वाटते, पण लक्ष असतं, ते पाहिजे तिथे आणि पाहिजे तेव्हा लावता येत नाही, आणि लावायचंच म्हणलं तर फार महाग पडते. डीएसएम-५ मधली, म्हणजे मानसिक आजार ओळखायला डॉक्टर वापरतात त्या पुस्तकातली, लक्षणं काढून बघा, दुर्लक्षाची नऊ आहेत, त्यातलं एक हेच की बराच वेळ डोकं लावायच्या कामाला टाळणं. बाहेरून ते आळसासारखंच दिसते. आम्ही स्टाफरूमवाले मार्क बघतो आणि त्यावरून मेहनत किती केली ते ठरवतो, मार्क कमी म्हणजे मेहनत कमी. हिच्या बाबतीत उलटं होतं, सात ओळींसाठी पोरगी घामाघूम झाली होती आणि मी सात ओळीच मोजल्या असत्या.

पण थांबा, इथेच मी अजून एक चूक करणार होते. डब्ल्यूएचओची एएसआरएस म्हणून मोठ्या माणसांसाठी एडीएचडीची प्रश्नावली आहे, १८ प्रश्न, त्यातले पहिले ६ चाळणीचे. मला वाटलं हे भरून घेतलं की झालं. आधी स्वतः भरली, माझे ६ पैकी ३ आले. शेजारच्या सरांना दिली, त्यांचे ५. (ते सर वेळेवर पेपर तपासून देतात, फॉर्म भरतात, संसार करतात, त्यांना काही नाही झालेलं, फक्त त्या आठवड्यात परीक्षेची ड्युटी होती.) चाळणीचा अर्थ एवढाच की पुढे तपासून घ्या. खरं ठरवायला बाकीचं लागते, त्रास सहा महिन्यांपासून पाहिजे, एकाच ठिकाणी नाही तर घरी-कॉलेजात असा दोन तरी जागी पाहिजे, त्यातली काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून पाहिजेत, वय १७ किंवा त्याच्या वर असेल तर नऊपैकी पाच तरी पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कशाने होत नाही ना हे बघायला पाहिजे. हे शेवटचं आमच्या भागात लय मोठं आहे.

कारण मी तिला दोन आठवडे झोप लिहायला लावली, तर साडेअकरा-बाराला झोपणं आणि पाचला उठणं. मधल्या काळात शेतीची लाईन रात्री होती, वडील दीडला हरभऱ्याला पाणी द्यायला निघायचे, तेव्हा उठून दार लावायचं, कधी चहा करून द्यायचा. पहाटे पाणी, झाडलोट, डबे, मग बस. पाच तासही सलग झोप नाही. असं महिनाभर मला झोपवलं तर मीही एकच ओळ चार वेळा वाचेन. आणि मीच तिला पहाटे पाच ते सातचं टाइमटेबल रंगवून दिलं होतं, ते आठवलं की अजून कसंतरी होते.

मग रक्त. ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन ९.१ निघालं, बायकांचं १२ च्या वर पाहिजे. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी सापडलं आहे, म्हणजे ९.१ पाहून कुणी दचकलंही नाही. विदर्भ आहे म्हणून सिकलसेलची, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, सोल्युबिलिटी टेस्टही केली, ती निगेटिव्ह आली. लोहाच्या गोळ्या तीन महिने, चहासोबत नको, लिंबू चालेल. पोरगी गोळीही चहासोबतच घेत होती आधी.

फेब्रुवारीपर्यंत हिमोग्लोबिन ११.६ झालं, दाराला बाहेरून उघडता येईल अशी कडी लावली तर झोप साडेसहा तासांवर आली (एवढी साधी कडी, तीन वर्षांत कुणाला सुचली नाही). चेहरा बदलला, जिना चढताना दम लागायचा तो गेला, दुपारच्या तासाला जांभया बंद. मला वाटलं प्रकरण मिटलं, उगाच आपण एडीएचडी एडीएचडी करत होतो. आणि त्याच आठवड्यात ती स्कॉलरशिपचा फॉर्म कॅन्टीनमध्ये विसरली, चुकीच्या बसमध्ये बसून दुसऱ्याच गावाला पोचली आणि जर्नल? कोरं. थकवा गेला होता, बाकी सगळं जागच्या जागी होतं. मला वाटते या प्रकरणातला सगळ्यात कामाचा भाग हाच आहे, आधी झोप आणि रक्त काढून टाकलं म्हणून उरलेलं काय आहे ते दिसलं. उलट्या क्रमाने केलं असतं तर थकलेल्या पोरीला नाव चिकटलं असतं.

डॉक्टरकडे न्यायचं तर घरी सांगावं लागणार. आजीने ऐकलं आणि पहिलं वाक्य, “पोरीले पागलच्या डाक्टरकडं नेलं म्हन्तीन लोकं, मंग सोयरीक कोन करन?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजीचं चूकही नव्हतं, लोक म्हणतातच. मी वाद घातला नाही. पोरीने माझ्यासमोर लॅबमधून १४४१६ ला फोन लावला, टेलिमानसचा नंबर, सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. पंधरा-वीस मिनिटं बोलली. त्यांनी फोनवर काही निदान वगैरे केलं नाही, करायचंही नसते, पण जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचाराच्या ओपीडीत जा आणि येताना लहानपण माहीत असलेलं माणूस आणि शाळेचे जुने कागद घेऊन या असं नीट सांगितलं. कागद म्हणल्यावर आईने कोठीतून पत्र्याची पेटी काढली, त्यात जिल्हा परिषद शाळेची प्रगतीपुस्तकं. दुसरी, तिसरी, चौथी, तिन्हीत गुरुजींच्या अक्षरात फिरून फिरून तेच, हुशार आहे, लक्ष देत नाही, वस्तू हरवते. आईला विचारलं तर म्हणे शाळेत जाताना दोन चपला, येताना एक, असं किती डाव झालं त्याचा हिशोब नाही.

मग इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? एक म्हणजे ती गप्प होती. पोट्टे असतात ते बाकावर चढतात, खिडकीतून उड्या मारतात, त्यांची तक्रार घरी जाते. ही खिडकीतून बाहेर बघत बसायची, तर ‘धांदरट आहे’ म्हणून विषय संपला, पोरींच्या बाबतीत असं लय होते. दुसरं म्हणजे गावातल्या शाळेला घंटा होती, गुरुजी समोर बसवायचे, घरी आजी शेजारी बसून पाढे म्हणून घ्यायची. सगळी मोजमाप बाहेरून होती. कॉलेजात आली आणि सगळं एकदम तिच्या डोक्यावर, कुठला तास, कुठला फॉर्म, कोणतं जर्नल, कधी. आजार कॉलेजात आला नव्हता, कॉलेजात टेकू निघाले होते.

ओपीडीत आई-वडील दोघंही गेले, मीही गेले. डॉक्टर मॅडमनी तासभर घेतला. आईला विचारत होत्या, एक काम सोडून दुसऱ्याला हात घालते का, बोलता बोलता मध्येच भलतीकडे जाते का, वस्तू कुठे ठेवली ते विसरते का, वाट बघायला लावली तर चुळबुळ करते का. आई आधी पोरीकडे बघत होती, मग नवऱ्याकडे बघायला लागली, आणि मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागली, “मॅडम, तुमी पोरीचं विचारून राह्यल्या का ह्यायचं?” वडील मोटर चालू ठेवून घरी येणारे, कापसाच्या पावत्या हरवणारे, एका दिवसात तीन कामं काढून एकही न संपवणारे. डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. हे रक्तात येते, जुळ्यांच्या अभ्यासातून अनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात काढलेला आहे. वडील गप्प. परतीच्या बसमध्ये खर्रा घोटत बसले होते, अर्ध्या रस्त्यात मला म्हणले, “मले त कोनं कधी दवाखान्यात नाई नेलं मॅडम. मारच खाल्ला.”

तीन भेटींनंतर निदान लिहून मिळालं, एडीएचडी, दुर्लक्षाचा प्रकार जास्त. औषध ॲटोमॉक्सेटिन, बीपी आणि नाडी बघून लहान डोसवर सुरू. महिनाभर तरी फार काही वाटणार नाही हे त्यांनी आधीच सांगितलं म्हणून बरं झालं, नाहीतर आठव्या दिवशी बंद केलं असतं, पहिले काही दिवस मळमळ होती, जेवणानंतर घ्यायला लागली तर कमी झाली.

औषधाइतकंच कॉलेजातलं बदलावं लागलं आणि ते माझ्या हातात होतं. जर्नल घरी न्यायचंच नाही, प्रॅक्टिकल संपायच्या आधी वीस मिनिटं तिथेच, हात ओले असतानाच लिहायचं, रीडिंग समोर, रंग समोर. मी हा नियम पूर्ण बॅचला लावला, तिला एकटीला लावला असता तर उठून दिसलं असतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांचीच जर्नलं वेळेवर आली. तासाला मी नोट्स सांगत जायचे आणि पोरं लिहायची, ऐकणं आणि लिहिणं दोन्ही एकदम, ते हिला सगळ्यात महाग पडत होतं, तर आता आधी झेरॉक्स देते आणि तासाला फक्त खुणा करायला लावते. लायब्ररीत एक मैत्रीण शेजारी बसते, काही शिकवत नाही, आपलं आपलं वाचते, पण कुणीतरी शेजारी आहे एवढ्यानेच ही पंधरा-वीस मिनिटं टिकते, आजी पाढ्यांना बसायची तसंच झालं ते. फॉर्मची तारीख मी तिला खोटी सांगते, दोन दिवस आधीची. तिलाही माहीत आहे की मी खोटी सांगते, तरी चालते, का चालते ते विचारू नका.

परीक्षेत जास्तीचा वेळ मिळावा म्हणून खटपट केली, ती जमली नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडी वेगळा लिहिलेला नाही, मग कागद अडतो.

चौथ्या सेमिस्टरला जुन्या दोनपैकी एक विषय निघाला, फिजिकल केमिस्ट्री राहिलीच. जर्नल बारापैकी अकरा. मोबाईलवर रील्स अजूनही बघते, मी काही म्हणत नाही. मे महिन्यात दहा दिवस औषध संपलं होतं आणि आणायला कुणाला वेळ नव्हता, ते दहा दिवस जर्नलच्या तारखांवरून मला बरोबर ओळखू आले. तिला पुन्हा विचारलं, आता एक प्रॅक्टिकल म्हणजे किती किलो? विचार करून म्हणे, “सात-आठ धरा. पन थर्मोडायनॅमिक्सचे अजून बी वीसच.”

जूनमध्ये थर्ड इयरच्या ॲडमिशनला वडील सोबत आले होते, मिरग लागला होता, पेरणी सोडून आले. फी भरून झाली, पोरगी झेरॉक्सला गेली तेव्हा हळूच म्हणले, “तो फोनचा लंबर द्या न मॅडम. लायना पोट्टा सातवीत हाय, त्याचं बी असंच चालू हाय.” मी १४४१६ सांगितला, त्यांनी खिशातून सोयाबीनच्या बियाण्याची पावती काढून मागच्या बाजूला लिहून घेतला. मी म्हणलं भाऊ, फोन द्या तुमचा, आणि त्यात सेव्हही करून दिला, पावती काही घरापर्यंत पोचली नसती.